अजून एक वर्ष



लूकच्या शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे (लूक १३:६-९). मळ्याचा मालक तीन वर्षे फळ शोधायला येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. शेवटी तो माळ्याला झाड तोडायला सांगतो, कारण ते उगाच जागा अडवून बसले आहे. माळी एका वर्षाची मुदत मागून घेतो. तो आळे खणणार आहे, खत घालणार आहे. मग फळ आले तर उत्तम, नाही तर मालकाने खुशाल तोडावे. हा दाखला आपण बहुधा प्रायश्चित्तकाळात ऐकतो आणि झाड म्हणजे आपण, एवढे ध्यानात ठेवून घरी जातो. माळ्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. आज आम्ही माळ्याविषयी लिहिणार आहोत, आणि त्याला तसेच कारण घडले आहे.

पॅरिश कौन्सिलच्या गेल्या बैठकीत एक प्रस्ताव आला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपल्या धर्मग्रामातील काही मंडळी मिठी नदीच्या काठावरील महाराष्ट्र निसर्ग उद्यानात श्रमदानाला जातात. या पावसाळ्यात त्या उपक्रमाला तिसरे वर्ष लागले. प्रस्ताव असा की, हे दरमहाचे जाणे आता थांबवावे आणि त्याऐवजी वर्षातून एकदा, ५ जूनला म्हणजे पर्यावरणदिनी, वृक्षारोपणाचा मोठा कार्यक्रम घ्यावा. बॅनर, टोप्या, अल्पोपाहार, सामुदायिक फोटो. प्रस्ताव मांडणारे बंधू कामसू आहेत आणि त्यांचा हिशेब खोटा नाही. जूनमध्ये आपल्या दोन बसगाड्या भरल्या होत्या. ऑगस्टच्या शनिवारी जी मंडळी गेली ती एका टॅक्सीत मावली. "फळ कुठे आहे?" असे शब्द त्यांनी वापरले नाहीत, पण प्रश्न तोच होता. बैठकीत वेळ थोडा होता म्हणून आम्ही थोडक्यात बोललो. येथे सविस्तर लिहितो.

आधी त्या जागेविषयी, कारण तिथून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांनाही तिची कथा ठाऊक नसते. धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्यामध्ये, मिठीच्या काठाला लागून सुमारे ३७ एकरांचे हे उद्यान आहे. १९७० च्या दशकापर्यंत तिथे शहराचा कचरा टाकला जाई. आज ज्या सावलीत शाळेची मुले फुलपाखरे मोजतात तिच्याखाली मुंबईकरांनी वर्षानुवर्षे फेकलेली घाण आहे. कचरा टाकणे थांबल्यावर जागतिक वन्यजीव निधीच्या भारतातील शाखेने तिथे निसर्ग उद्यान करण्याची कल्पना मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने काम हाती घेतले. १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी तिथे रोप लावले. त्या वेळी त्यांनी वयाची ८५ वर्षे ओलांडली होती. १९८७ साली ते निवर्तले. उद्यान लोकांसाठी खुले झाले ते १९९४ साली, २२ एप्रिलला.

म्हणजे पहिल्या रोपापासून फाटक उघडेपर्यंत अकरा वर्षे गेली. कचऱ्याच्या राशीवर झाड सहजासहजी धरत नाही. आत कुजणाऱ्या घाणीची उष्णता असते, वायू असतो. वरून माती आणून पसरावी लागते, रोपे मरतात, मग तग धरील अशी जात शोधून पुन्हा लावावी लागते. तीन वर्षांनी कोणी मालक येऊन फळ मागता, तर त्याला काय दिसले असते? आज त्या जागी शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. जाता जाता एक गोष्ट सांगतो. लूकने माळ्याच्या तोंडी जो शब्द घातला आहे तो मूळ ग्रीक भाषेत सरळ शेणखताचा शब्द आहे. भाषांतरांत तो थोडा स्वच्छ होऊन येतो. प्रभू येशूला मात्र उपदेश करताना उकिरड्याचे नाव घ्यायचा संकोच वाटला नाही.

आता शनिवारच्या कामाविषयी. ते दिसायला साधे आहे, आणि तिथेच त्याची अडचण आहे. मुंबईचा पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला परततो. तिथून जूनपर्यंत आठ महिने रोपाला वरून थेंब मिळत नाही. जूनमध्ये लावलेल्या रोपाची परीक्षा जूनमध्ये नसतेच. ती सुरू होते सप्टेंबरात, जेव्हा गवत आणि वेली त्याच्या डोक्यावरून जातात आणि ते दिसेनासे होते. मग ऑक्टोबरचे ऊन, मग मार्च, मग मे. असे दोन-तीन उन्हाळे त्याला कोणीतरी पाणी घालावे लागते, आळे करावे लागते, पाचोळा पसरून ओल धरून ठेवावी लागते. कोणाच्याही फोटोत न येणारे हे काम आहे. आपण बाळाला स्नानसंस्कार देतो तेव्हा केक कापून त्याला चर्चमधील कुंडापाशी ठेवून घरी जात नाही. धर्मपिता आणि धर्ममाता उभे करतो, आणि ते सणापुरते आले तर त्यांच्या पाठीमागे बोलतोही! ५ जूनच्या रोपांना मात्र आपण अनाथ करून येतो. दोन वर्षांपूर्वी दृढीकरणाच्या वर्गाने लावलेल्या रोपांपैकी बरीच जगली नाहीत. एक ताम्हण जगले आहे, आणि ते का जगले हे उद्यानातील माळीबाबा सांगू शकतात. आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी घरकाम करतात. शनिवारी पहिल्या घरी जाण्याआधी त्या येतात आणि त्या झाडाला हात लावल्याशिवाय जात नाहीत.

काही तरुणांनी आम्हांला वेगळी तक्रार सांगितली आणि ती अधिक अवघड आहे. उद्यानाच्या कडेला, मिठी खाडीला मिळते त्या बाजूला तिवरांची दाटी आहे. तिवराची मुळे पेन्सिली खोचून ठेवाव्यात तशी चिखलातून वर आलेली असतात, कारण खाऱ्या चिखलात हवा नसते आणि झाड त्या मुळांनी श्वास घेते. भरतीबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नेमक्या त्या मुळांना गुंडाळून बसतात. ओहोटीच्या वेळी काठावर उभे राहून जेवढे हाताला लागेल तेवढे आपली मुले काढतात, पोती भरतात. महिन्याने जावे तर तितकेच पुन्हा आलेले. "फादर, आम्ही काढतो आणि समुद्र परत आणून देतो. मग हे कशासाठी?"

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ग्रीकांच्या एका राजाची गोष्ट वाचावी लागते. त्याला देवांनी शिक्षा दिली होती. मोठा धोंडा डोंगरावर ढकलत न्यायचा आणि माथ्याजवळ पोचला की तो गडगडत खाली येणार, पुन्हा ढकलायचा, असे अनंतकाळ. त्या वयात ती गोष्ट फार खोल वाटते. पुढे धर्मग्रामात आल्यावर असे दिसते की घरोघरच्या माता हेच काम करतात आणि त्याला शिक्षा म्हणत नाहीत. काल घासलेली भांडी आज पुन्हा खरकटी होतात. पापनिवेदनाच्या आसनावर बसणाऱ्या धर्मगुरूलाही हे चांगले ठाऊक असते. तीच माणसे, तीच पापे, आणि तरी क्षमा प्रत्येक वेळी खरी असते. मागच्या महिन्यात ज्या तिवराच्या मुळावरची पिशवी काढली ते झाड महिनाभर श्वास घेत होते. पुढच्या भरतीने ते घडलेले खोटे होत नाही.

मात्र आम्ही मुलांना हेही सांगितले की पिशवी काढणाऱ्याने पिशवी येते कुठून हे विचारलेच पाहिजे. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. वाटेत शहराचे सांडपाणी, कारखान्यांची घाण आणि घराघरांतला कचरा तिच्यात येतो. तिला कित्येक वर्षे नाला म्हणण्याची आपली रीत होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, नदी घराघरांत शिरली, माणसे बुडाली, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की आपण नदीच्या काठी राहतो. तिचे पात्र आवळलेले होते, आणि पाणी जिरवणारी, थोपवणारी तिवरांची जमीन भराव घालून कमी केलेली होती. त्या रात्री सर्वांत आधी पाणी कोणाच्या घरात गेले? जे सखल भागात, पत्र्याखाली राहत होते त्यांच्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा लागेल असे शिकवले. मुंबईकराला ते समजायला परिपत्रकाची गरज नव्हती.

नदीच्या घाणीचे नाव निघाले की झोपडपट्टीकडे आणि दुसऱ्या धर्माच्या सणांकडे बोट दाखवणे सोपे असते. आम्ही ते बोट जरा वळवू इच्छितो. सर्व मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, दफनभूमीत आपण प्लॅस्टिकची किती फुले ठेवून येतो? मोत माउलीच्या जत्रेला जाताना पाण्याच्या बाटल्या कुठे टाकतो? महाराष्ट्र शासनाने २०१८ साली थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली, तरी आपल्या सणाच्या जेवणानंतर चर्चच्या आवारात काय आढळले ते सफाई करणाऱ्या भावांना विचारा. त्यांतले काही तिवरापर्यंत पोचले नसेल असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही.

पवित्र भूमीची यात्रा करून आलेल्या कुटुंबांनी आम्हांला यार्देनचे पाणी बाटलीतून आणून दिले आहे. ते आम्ही आदराने ठेवले आहे. पण राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील नामान आठवा (२ राजे ५). कुष्ठरोगी सेनापती, त्याला अलिशा यार्देनमध्ये सात वेळा बुडी मारायला सांगतो आणि त्याला राग येतो. आपल्या दमास्कसच्या नद्या याहून चांगल्या नाहीत काय, असा त्याचा सवाल. त्याच्या नजरेत यार्देन ही क्षुल्लक नदी होती. आजही तिच्या खालच्या भागाची स्थिती हेवा करावा अशी नाही. बरेचसे पाणी वरच काढून घेतले जाते आणि गढूळ, क्षीण प्रवाह मृत समुद्राकडे जातो. तरी आपण ते पाणी डोळ्यांना लावतो. आणि माहीमच्या नोव्हेनाला जाताना पुलावर मिठी आली की नाकाला रुमाल लावतो. दोन्ही नद्या एकाच निर्माणकर्त्याच्या आहेत. रुमाल लावण्यात पाप नाही, वास खरोखरच येतो! पण ती आपली नदी आहे हे तरी रुमालाआडून म्हणता आले पाहिजे.

यहेज्केलाच्या ग्रंथात मंदिराच्या उंबऱ्याखालून निघणाऱ्या नदीचे दर्शन आहे (अध्याय ४७). ती जिथे जाते तिथे खारे पाणी गोडे होते, मासे येतात, दोन्ही तीरांवर फळझाडे वाढतात. त्यात अकरावे वचन अनेकांच्या नजरेतून सुटते. तिथल्या दलदली आणि पाणथळी मात्र गोड्या होत नाहीत, त्या मिठासाठी राखून ठेवलेल्या आहेत. आम्हांला हे वचन फार मोलाचे वाटते. देवाच्या नव्या सृष्टीतही खाऱ्या चिखलाला जागा आहे. बिल्डरच्या नकाशावर ती मोकळी जमीन असते, भराव घातला की कामाची. शास्त्रात ती दलदल म्हणूनच कामाची आहे. आपल्या धर्मग्रामातील कोळी कुटुंबांना हे सांगावे लागत नाही. कोळंबी आणि चिंबोऱ्या त्या चिखलातच वाढतात. २०२० साली राज्य शासनाने पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केला, तो याच खाऱ्या चिखलातला.

तण काढण्यावरूनही एक वाद झाला, तो सांगण्यासारखा आहे. उद्यानात घाणेरी आणि सुबाभूळ यांची रोपे उपटायला सांगतात. बायबलवर्गातील एका मुलीने विचारले, "फादर, प्रभू तर म्हणतो की निदण कापणीपर्यंत राहू द्या. मग आपण का उपटतो?" (मत्तय १३). प्रश्न ऐकून आम्हांला आनंद झाला. प्रभूने त्या दाखल्याचा अर्थ स्वतःच सांगितला आहे. शेत म्हणजे जग आणि निदण म्हणजे माणसे. माणसांच्या बाबतीत उपटण्याचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही. घाणेरीच्या बाबतीत अशी आडकाठी नाही. पण दाखल्यातील धन्याची भीती मात्र वनस्पतींनाही लागू पडते, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल असे तो म्हणतो. त्याच शनिवारी दोन उत्साही तरुण करंजाची कोवळी रोपे तण समजून उपटायला निघाले होते. माळीबाबांनी वेळीच हात धरला. तेव्हापासून नियम असा आहे की, नवीन आलेल्याने पहिले दोन शनिवार नुसते विचारायचे आणि पाणी घालायचे.

सुबाभूळ हिरवीगार दिसते, झपाट्याने वाढते, मग तिच्यावर राग का? हा प्रश्न बैठकीतही निघाला. ती आपल्याकडची नाही, हे कारण आम्हांला पुरेसे वाटत नाही. मिरची आणि काजूही बाहेरूनच आले. कारण असे की ती एकटीच वाढते आणि इतरांना जागा ठेवत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रश्न घातला होता की, देवाने इतक्या विविध वस्तू का निर्माण केल्या? त्यांचे उत्तर आम्ही विद्यार्थी असताना शिकलो आणि या उद्यानात समजलो. देवाचे चांगुलपण इतके मोठे आहे की कोणत्याही एका प्राण्यात किंवा वस्तूत ते पुरेसे उमटू शकत नाही. म्हणून एकात जे उणे राहते ते दुसऱ्यात भरून यावे, अशी पुष्कळांची निर्मिती झाली. रुईच्या पानावर प्लेन टायगर या फुलपाखराची अळी वाढते. लिंबाच्या कुळातील झाडांवर आपले राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन अंडी घालते. रुई गेली तर ते फुलपाखरू जाते, आणि देवाविषयी जे फक्त तेच सांगत होते तेही जाते. कोणी म्हणेल, फादरांनी फुलपाखराचे धर्मशास्त्र केले. करू द्या.

हे चर्चचे काम आहे का, असेही एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात (२:१५) देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. मशागतीसाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे त्याचा अर्थ सेवा असाही होतो, आणि लेवी लोकांच्या निवासमंडपातील सेवेसाठीही तोच शब्द येतो. खुरपी आणि वेदी यांत जितके अंतर आपण मानतो तितके शास्त्र मानत नाही. १९७९ साली संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसीकर संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते घोषित केले. २०१५ पासून १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस आहे, आणि २०२५ साली सृष्टीच्या संगोपनासाठी स्वतंत्र मिस्सा रोमन मिस्सा ग्रंथात समाविष्ट झाला. ती मिस्सा आपणही अर्पण करू. पण मिस्सा आटोपल्यावर काठावर कोणी गेलेच नाही, तर आपण मागितले काय आणि केले काय?

तर प्रस्तावाविषयी. ५ जूनच्या कार्यक्रमाला आमची हरकत नाही. बसगाड्या भराव्यात, मुलांनी टोप्या घालाव्यात. मात्र त्या दिवशी आपण जितकी रोपे लावू, तितक्यांसाठी पुढच्या जूनपर्यंत दर महिन्याला येणाऱ्यांची नावे आधी लिहून घ्यावीत, आणि नावे जितकी मिळतील तितकीच रोपे लावावीत. पाच नावे मिळाली तर पाच. शनिवारचे काम आणखी एक वर्ष चालू राहावे अशी आमची कौन्सिलला विनंती आहे. माळ्याने मालकाला अमर्याद वेळ मागितला नव्हता. फळ येईलच असे वचनही त्याने दिले नव्हते. त्याने एक वर्ष मागितले आणि त्या वर्षात स्वतः काय करणार ते सांगितले. झाड पुढे फळले की तोडले गेले, हे लूक आपल्याला सांगत नाही. तेव्हा आम्हीही वर्षभराच्या पलीकडचे मागत नाही. पुढील सप्टेंबरात कौन्सिलने पुन्हा हिशेब पाहावा, आणि तेव्हाही टॅक्सीत जागा उरत असेल तर निर्णय घ्यावा. तो आम्ही मान्य करू.

येत्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेसहाच्या मिस्सेनंतर चर्चच्या फाटकापाशी जमायचे आहे. काम साडेनऊपर्यंत संपते, म्हणजे ज्यांना कामावर जायचे आहे त्यांनाही येता येईल. बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. हातमोजे धर्मग्रामाच्या कार्यालयात मिळतील. पावसाळी चिखलातून लेप्टोचा धोका असतो, म्हणून हातापायाला जखम असलेल्यांनी काठाकडे जाऊ नये, रोपवाटिकेत त्यांच्यासाठी काम आहे. दहा वर्षांखालील मुलांनी पालकांसोबतच यावे. पिण्याचे पाणी घरून स्टीलच्या बाटलीत आणावे. ज्यांच्याकडे जुनी खुरपी पडून असेल त्यांनी ती जरूर आणावी. उद्यानातल्या नेहमी कमी पडतात.

आपले,
प्रमुख धर्मगुरू